आभाळातला तलाठी



शिरोळ तालुक्याचे उपग्रहातून घेतलेले चित्र आमच्यासमोर पहिल्यांदा पसरले, तेव्हा आमच्यातला एकजण पटकन बोलून गेला, "अरे, हे रान पेटलंय काय?"

कागदभर लाल. कृष्णेच्या काठाने लाल, पंचगंगेच्या काठाने लाल, नृसिंहवाडीला दोन्ही नद्या मिळतात तिथून खाली राजापूर-खिद्रापूरपर्यंत लालच लाल, आणि त्यातून काळ्या दोऱ्यासारखी वळणे घेत गेलेली नदी. चित्र दाखवणाऱ्या पोराने समजावून सांगितले. हिरवे पान आपल्या डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश जोरात परत फेकते. तो कागदावर दाखवायचा तर त्याला कुठला तरी रंग द्यावा लागतो, आणि रीत अशी पडली आहे की लाल द्यायचा. जितके पीक जोमात तितका लाल भडक. म्हणजे कागदावरचे ते पेटलेले रान म्हणजे उभा ऊस.

आम्ही कपाशी-ज्वारीवाली माणसे. आमच्या शिवाराचे जानेवारीतले चित्र शेजारी ठेवले, तर ते राखाडी-निळसर. एखाद्या विहिरीपाशी लाल ठिपका, रब्बी ज्वारीच्या काळ्या रानात फिकट गुलाबी छटा, बाकी सगळे उघडे. "म्हणजे कागदावरसुद्धा आपण कोरडेच की," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

हसणे थांबल्यावर आमची नजर त्या लाल कागदातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर गेली. उसाच्या ऐन मध्यात, ओढ्यांच्या कडेने, कुणी चुना सांडावा तसे चट्टे. ते काय हे शिरोळच्या माणसाला विचारावे लागत नाही. ती क्षारपड जमीन. आज या चट्ट्यांबद्दल आणि ते टिपणाऱ्या डोळ्याबद्दल लिहायचे आहे. उसाच्या तालुक्याचे दुखणे कोरडवाहूच्या पत्रकात कशाला, असे कुणी विचारील. कारण तोच डोळा आता तुमच्या-आमच्या कपाशीवर आणि ज्वारीवर लागलेला आहे, आणि त्याने दिलेल्या साक्षीवर दुष्काळ ठरतो, विमा ठरतो.

हा डोळा नवा नाही. जमीन पाहण्यासाठीच बनवलेला पहिला उपग्रह, अमेरिकेचा लँडसॅट, २३ जुलै १९७२ रोजी आभाळात गेला. तारीख पुन्हा वाचा. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना तो जुलै कसा होता हे सांगायला नको. आमचे आजे-बाप पावसासाठी वर पाहत होते, त्याच महिन्यात वरून कुणीतरी खाली पाहायला लागले होते. खडी फोडायला गेलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, ती गोष्ट वेगळी. पुढे १९७९ मध्ये हैदराबादजवळ शादनगरला ही चित्रे उतरवून घेणारे केंद्र सुरू झाले. १७ मार्च १९८८ रोजी आपल्या देशाचा स्वतःचा उपग्रह, आयआरएस-१ए, वर गेला. महाराष्ट्रासाठी नागपूरला सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. कुठे जंगल, कुठे पाणी, कुठे खरीप, कुठे रब्बी, कुठे पड, याचे नकाशे तिथे निघतात.

यातली मेख समजायची तर चौकोनाचे माप समजले पाहिजे. उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनांचे असते आणि एका चौकोनाला एकच रंग मिळतो. बहात्तरच्या उपग्रहाचा चौकोन साधारण ८० मीटरचा. आपल्या मापात दीड एकराच्या वर. त्या दीड एकरात कपाशी, बांधावरचा लिंब, विहीर, गोठा काहीही असो, रंग एकच, सगळ्याची सरमिसळ. ऐंशीच्या दशकात लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा झाला, म्हणजे नऊ गुंठे. आपल्या पहिल्या उपग्रहाचा चांगला कॅमेरा ३६ मीटरचा, म्हणजे तेरा गुंठे. आणि २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल नावाचे उपग्रह फिरत आहेत, त्यांचा चौकोन १० मीटरचा. दहा मीटर गुणिले दहा मीटर म्हणजे जवळजवळ एक गुंठा! दर पाच दिवसांनी तुमच्या रानाच्या गुंठ्या-गुंठ्याचा रंग टिपला जातो आहे, आणि ही चित्रे जगात कुणालाही फुकट पाहता येतात. लँडसॅटची जुनी चित्रेही २००८ पासून फुकट झाली. तलाठी बांधावर वर्षातून एकदा आला तर नशीब. (सरकारने त्याचे नाव बदलून काहीही ठेवो, गावात तो तलाठीच.) आभाळातला हा दुसरा तलाठी मात्र दर पाच दिवसांनी येतो. चहा मागत नाही, पुढाऱ्याच्या ओट्यावर बसत नाही, गावातल्या कुठल्या गटाचा नाही. एवढे त्याचे गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता शिरोळ.

शिरोळला पाणी आभाळातून कमी आणि नदीतून जास्त येते. नदीकाठी पंप बसले, उपसा योजना झाल्या, माणसांनी कर्ज काढून पाइप टाकले आणि जिथे ज्वारी-भुईमूग होता तिथे ऊस उभा राहिला. यात वावगे काही नव्हते. पाणी मिळाले आणि पैसा देणारे पीक मिळाले तर शेतकऱ्याने ते घ्यायचे नाही तर कुणी? पण काळी माती चिकण असते. पडलेले पाणी खाली निचरत नाही. पाणीपट्टी एकरावर असेल तर पाणी मोजून द्यायला कुणाला सुचत नाही, सारखे पाट भरून सोडायचे. नैसर्गिक ओढे-नाले बुजले किंवा नांगरात गेले. जमिनीखालचे पाणी वर वर येत चार-पाच फुटांवर आले, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते मातीतून वर चढू लागले. वर आले, उन्हाने वाळले, आणि आपल्याबरोबरचे मीठ रानावर ठेवून गेले. वर्षामागून वर्ष हेच.

हे शिरोळचे एकट्याचे नाही. नीरा नदीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले १८८५ च्या सुमारास. पंचवीसेक वर्षांत, १९१० साली, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. तेव्हा ना विमान ना उपग्रह. माणसे रानोरान हिंडली, खड्डे खणले, पाणी तपासले. त्या काळात जे कळले ते शंभर वर्षांनीही तसेच खरे आहे: पाणी आत आणताना पाणी बाहेर काढायची वाट ठेवली नाही, तर जमीन जाते.

मग आभाळातल्या तलाठ्याने शिरोळात काय पाहिले? त्याने ऊस पाहिला. प्रत्येक नकाशात लाल रंग वाढत गेला, आणि नकाशावरून अहवाल लिहिणाऱ्याने लिहिले की बागायत वाढली. खोटे नव्हते ते. पण ज्या वर्षी चित्रातला लाल सगळ्यात भडक, त्याच वर्षी खाली जमिनीत पाणी चढत होते, आणि ते चित्रात कुठेच नव्हते. मीठ मुळाशी साचते तेव्हा ऊस एकदम मरत नाही. पेरे आखूड पडतात, पान करपते, फुटवा कमी होतो, एकरी टन उतरत जातात. पण वरून पाहणाऱ्याला ऊस तो ऊसच. पुढे ऊस हटतो आणि रान पाणथळ होते, तर तिथे लव्हाळा आणि पाणकणीस माजते. चित्रात तेही लालच! रान टाकून दिले की वेडी बाभूळ येते. तीही लाल. पांढरा चट्टा दिसतो तो शेवटी, माती मेल्यावर. आणि आपल्या काळ्या रानात तर मिठाचा पापुद्रा उत्तरेकडच्या गाळाच्या जमिनीसारखा लख्ख दिसतही नाही, ओलावा आणि काळा रंग त्याला झाकून टाकतात.

उपग्रहाच्या चित्रांवरून देशभरच्या खारवट-चोपण जमिनींचा हिशेब केंद्राच्या संस्थांनी मांडला, तो देशात ६७ लाख हेक्टरांचा आणि महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टरांचा. हा आकडा मोठा आहेच. पण वरची गोष्ट ध्यानात घेतली तर कळेल की चित्रावरून काढलेल्या असल्या आकड्यात आजारी जमीन फार करून उशिरा धरली जाते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. या तलाठ्याला शेतकऱ्याकडे नसलेली एक गोष्ट आहे. त्याची आठवण. शिरोळचा एखादा शेतकरी आपल्या दोन एकरांकडे पाहून म्हणतो, माझे नशीब फुटके. भावकी म्हणते, याला शेती कळत नाही. पण तीस वर्षांची चित्रे ओळीने लावली की दिसते, चट्टा एकाच्या रानात सुरू झालेला नाही. तो ओढ्याच्या बुजलेल्या तोंडापाशी सुरू झाला, सखल भागाने सरकला, आणि एका ओळीत पंचवीस-तीस जणांची राने खात गेला. जे प्रत्येकाला आपले खासगी पाप वाटत होते ते सगळ्यांचे एकच दुखणे निघाले. बांध आमने-सामने असलेल्या, दहा वर्षे न बोलणाऱ्या माणसांना एका टेबलाशी बसवायला असे चित्र फार उपयोगी पडते.

आणि शिरोळात माणसे बसली, हे तिथल्या शेतकऱ्यांचे मोठेपण. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने गेल्या दशकात क्षारपड जमीन सुधारण्याचे काम हातात घेतले. जमिनीखाली तीन-चार फुटांवर भोके पाडलेले, जाळीत गुंडाळलेले पाइप टाकायचे, ते एका मोठ्या पाइपला जोडायचे, आणि खारे पाणी ओढ्याला नाहीतर नदीला काढून द्यायचे. पाइप एकट्याच्या रानात टाकून भागत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानातून न्यावे लागते, त्याने नाही म्हटले की काम अडले. म्हणून शेकडो शेतकरी एकत्र आले, बँकेचे कर्ज अंगावर घेतले, आणि वर्षानुवर्षे काही न पिकलेल्या हजारो एकरांवर काम झाले. लोक त्याला शिरोळ पॅटर्न म्हणतात. (ते खारे पाणी शेवटी नदीतच जाते आणि खालच्या गावाने ते प्यायचे, हा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. तो कधीतरी मांडावा लागेल.)

आपल्यातल्या ज्यांच्या गावावरून कालव्याच्या आखणीचे दगड गेले आहेत त्यांनी शिरोळला एकदा जाऊन यावे. पाणी येण्याआधी निचऱ्याचे विचारा. नंतर विचाराल तर पाइपचे कर्ज तुमच्या नातवाच्या नावावर असेल.

शिरोळची आणखी एक साक्ष. २००५, २०१९, २०२१, तीन मोठे महापूर या तालुक्याने पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर गावेच्या गावे पाण्यात. पुराच्या दिवसांत आभाळ ढगांनी भरलेले, साधा कॅमेरा आंधळा. तेव्हा रडारवाले उपग्रह कामाला येतात. ते ढगातून आरपार पाहतात आणि रात्रीही पाहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने त्या पुराचे नकाशे काढले, मदतीच्या कामात ते उपयोगी पडले. पण उघडे पाणी रडारला आरशासारखे सपाट, काळे दिसते. दहा फूट उंच उसाच्या फडात शिरलेले पाणी तसे दिसत नाही. वर पाने, खाली पाणी, आणि रडारचे पुष्कळ किरण पानांवरूनच परत. मग नकाशावर तो फड पुराबाहेर राहू शकतो. पूर उतरल्यावर साध्या कॅमेऱ्याने पाहिले तर ऊस अजून हिरवा. त्याचा शेंडा कुजलेला आहे, पोंग्यात गाळ बसलेला आहे, तो वाढणार नाही, हे आठ दिवसांनी फडात शिरणाऱ्यालाच कळते. पंचनाम्याला माणूस लागतो तो यासाठी.

शिरोळचा ऊस आणि आमची कपाशी यांच्यात भाईचारा असेल तर तो इथे आहे. वरून हिरवे दिसते आणि हातात काही पडत नाही.

२०१७ चा खरीप आठवा. विदर्भात, मराठवाड्यात कपाशी छातीएवढी उभी. पान हिरवे, झाड टवटवीत, बोंडे लागलेली. आणि बोंड फोडावे तर आत गुलाबी अळी. त्या वर्षीची कपाशी आभाळातून पाहिली असती तर कुणीही म्हणाला असता, पीक झकास आहे. ज्वारीचेही तसेच. दाणा भरायच्या वेळी ओल तुटली की ताट उभे राहते, कडबा मिळतो, कणसात दाणा नसतो. उलटा पाऊस आला की वाळलेली कपाशी पुन्हा फुटते आणि फरदडीचे रान फेब्रुवारीतही हिरवे दिसते. त्या हिरव्यातून घरात किती आले, हे फरदड ठेवणाऱ्यालाच विचारा.

आता हे सरकारी हिशेबात कसे शिरले ते पाहा. पूर्वी दुष्काळ पैसेवारीवर ठरायचा. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ, वर गेली तर नाही, आणि वर-खाली करणारा हात कुणाचा हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळाची नवी संहिता काढली, आणि राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने ती लागू केली. आता आधी पाऊस पाहायचा. तो कमी पडला असेल किंवा मोठा खंड असेल तर पुढे पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने मोजलेला पिकाचा हिरवेपणा, मातीतली ओल, आणि धरणे-भूजल यांचे आकडे लावायचे. त्यानंतर तालुक्यातली दहा टक्के गावे निवडून शेतात जाऊन खात्री करायची. २०१८ मध्ये या पद्धतीने राज्यात १५१ तालुके दुष्काळी ठरले. गावात जाऊन पाहणी नोंदवण्यासाठी नागपूरच्या केंद्राने मोबाइलवरचे 'महा मदत' नावाचे साधन केले. २०२३ मध्ये फक्त ४० तालुके ठरले. त्या चाळीसात शिरोळच्या शेजारचा हातकणंगले तालुका होता. ओरड झाल्यावर सरकारला इतर तालुक्यांतली नऊशेहून जास्त महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून वेगळी जाहीर करावी लागली.

हे वेगळे का जाहीर करावे लागले? राजकारण असेल, आहेच. पण हिशेबातही खोट आहे. हिरवेपणाचा आकडा तालुक्याचा म्हणून निघतो. तालुक्याच्या एका कडेला नदी आणि ऊस, दुसऱ्या कडेला माळ आणि ज्वारी. दोघांची सरासरी काढली की माळावरची करपलेली ज्वारी नदीकाठच्या उसाच्या सावलीत हिरवी होते. दुष्काळाच्या हिशेबात वापरतात त्यातल्या काही चित्रांचा चौकोन २५० मीटरचा आहे. म्हणजे साडेपंधरा एकरांचा एक रंग. तीन भावांची वाटणी, नाला, त्याच्या काठची झाडी, सगळे एका रंगात. गुंठ्याचा चौकोन फुकट मिळत असताना हे चालते. आणखी एक. यंदाचा हिरवेपणा बरा की वाईट हे मागच्या वर्षांच्या त्याच जागेच्या हिरवेपणाशी ताडून ठरवतात. पण मागच्या वर्षांत तिथे ज्वारी होती आणि आता सोयाबीन आहे, किंवा कपाशी गेली आणि मोसंबी आली, तर तुलना कुणाची कुणाशी? जमिनीवरचे पीक बदलले की जुना मापदंड फसवा होतो. त्यातून जुलै-ऑगस्टचे ढग. आपले पीक जेव्हा जगण्या-मरण्याच्या दारात असते, तेव्हाच साधा कॅमेरा आठवडेच्या आठवडे आंधळा असतो.

विम्यातही हेच दार उघडले आहे. २०२३ च्या खरिपापासून केंद्राने पीकविम्यात भाताचे आणि पुढे गव्हाचे उत्पादन ठरवताना उपग्रहाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन द्यायला सुरुवात केली. मग सोयाबीनही त्यात घेतले. कपाशी या रांगेच्या बाहेर राहील असे समजून निवांत बसू नका.

आमच्यात काहीजण म्हणतात, हे सगळे बंद करा, पैसेवारीच बरी होती. आम्ही त्या मताचे नाही. पैसेवारीने आम्हाला किती वर्षे रडवले हे इतक्यात विसरायचे? यंत्र खोटे बोलत नाही, तेवढे आम्ही म्हणू. पण यंत्राला विचारलेला प्रश्न चुकीचा असेल तर उत्तरही आपल्या कामाचे नसते. ते फक्त रंग सांगते. 'जमिनीवर काय आहे' आणि 'जमिनीचे काय चालले आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आभाळातून मिळते. दुसऱ्याचे उत्तर लिहिणारा आज कचेरीत बसतो, आणि तो जे नाव देतो ते चिकटते. जानेवारीतले उघडे रान त्याला पड वाटले तर नकाशात पड. गायरानावर बोरी-बाभळी असतील तर देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात तो झुडपी पडीकाचा तुकडा. त्या गायरानावर गावाची चारशे जनावरे चरतात हे कुठल्याही रंगात दिसत नाही. पडीक म्हटले की ती जमीन कुणालातरी द्यायला मोकळी झाली, हा अनुभव आपल्या गावांना नवा नाही.

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. ज्या चित्रावरून आणि ज्या आकड्यावरून तालुक्याचा निकाल लावता, ते चित्र आणि तो आकडा गावाच्या चावडीवर लावा, निकालाच्या आधी लावा, आणि मराठीत लावा. तालुक्याची सरासरी बंद करून मंडळाची, जमेल तिथे गावाची मोजणी करा. कोरडवाहू आणि बागायत यांचे हिशेब वेगळे ठेवा. २०२३ च्या अवकाश धोरणात केंद्राने पाच मीटर आणि त्याहून मोठ्या चौकोनाची चित्रे सर्वांना खुली ठेवायचे म्हटले आहे. मग तालुक्याच्या कचेरीत एका भिंतीवर ती खुली दिसू देत. आणि खात्रीसाठी जी दहा टक्के गावे निवडता त्यांची नावे पाहणीच्या आधी जाहीर करा, म्हणजे त्या दिवशी बांधावर आम्हीही असू.

मागण्या करून घरी बसायचे नाही. शिरोळच्या त्या पोराने आम्हाला एक गोष्ट शिकवली, ती फार खर्चाची नाही. त्याने चित्रातल्या प्रत्येक चट्ट्याला आकडा दिला होता, आणि शेजारी साध्या शंभर पानी वहीत त्या रानात जाऊन पाहिलेले लिहिले होते. किती फुटांवर पाणी लागले, ऊस कधी हटला, ओढा कुणी बुजवला, आता तिथे काय उगवते. वहीत खाडाखोड होती, उसाच्या रसाचे डाग होते. पण अधिकाऱ्यापुढे चित्र ठेवून त्याने वही उघडली, तेव्हा त्या माणसाला पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसावे लागले, असे त्याने सांगितले.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावातून दोघांनी यावे. गावचा गट नकाशा आणावा, तलाठ्याकडे मिळतो. गेल्या तीन वर्षांत कुठल्या गटात काय पेरले, कधी पाऊस तुटला, किती क्विंटल घरात आले, हे जमेल तेवढे आठवून लिहून आणावे. एकरी किती बोंडे किडकी निघाली तेही. आपल्या बायका वेचणीला असतात, त्यांना विचारा, त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा पक्का असतो. गुंठ्याच्या चौकोनाची चित्रे दाखवायला शिकलेली दोन मुले आम्ही बोलावली आहेत. मोबाइल चार्ज करून आणा, बैठकीच्या जागी वीज किती वेळ असेल ते सांगता येत नाही.